घाटावर हाली, घाटाखाली कलदार

अमुक देशाने आपले चलन मोडीत काढून अमेरिकेचा डॉलर घेतला, किंवा घेण्याच्या विचारात आहे, अशी बातमी दर चार-दोन वर्षांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते. २००० साली इक्वेडोरची आली, २००१ साली एल साल्वाडोरची, २००९ साली झिंबाब्वेची. २०२३ साली अर्जेंटिनात निवडून आलेल्या अध्यक्षाने प्रचारात हेच वचन दिले होते, पुढे ते मागे पडले. आपण कापडवाले, किराणावाले, कारागीर अशी बातमी वाचतो आणि पान उलटतो. म्हणतो, त्यांचा पैसा, त्यांचे ते पाहतील.

परंतु व्यापारी बंधूंनो, हा प्रकार आपल्या वाडवडिलांनी जळगावपासून पन्नास-साठ किलोमीटरवर डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्यात कमावणारेही होते, बुडणारेही होते. माझ्या दादांची एक जुनी वही आमच्या दुकानाच्या तिजोरीत अजून आहे. तिच्या आधारानेच हा लेख लिहीत आहे.

जळगावहून पहूर, वाकोद करीत अजिंठ्याकडे निघाले की फर्दापूरला पूर्वी राज्य बदलत असे. वाकोदपर्यंत इंग्रजांचा पूर्व खानदेश जिल्हा, पुढे निजामाची हैदराबाद रियासत. तिकडे चाळीसगावाहून कन्नडचा घाट चढला तरी तेच. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाचा जकात नाका. नाका ओलांडला की पैसाही बदलायचा. घाटाखाली चालायचा इंग्रजी रुपया, त्याला लोक ‘कलदार’ म्हणत, कारण तो कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. घाटावर चालायचा निजामाचा ‘हाली सिक्का’. त्यावर चारमिनारचे चित्र असे. गंमत अशी की १९०३-०४ नंतर हाली रुपयाही यंत्रावरच पडू लागला, तरी कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिले. दोन्ही रुपये, दोन्हींचे आणे सोळा, आण्याचे पै बारा. पण किंमत एक नव्हे. हिशोबाचा ठोकळ दर असा की सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदार रुपयांना ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. आमच्या अब्बांना हा आकडा म्हातारपणी, बाकी सारे विसरल्यावरही तोंडपाठ होता.

हा दर सरकारी. बाजारात सराफ आपला बट्टा कापून घेत असे, आणि बाजाराच्या दिवशी बट्टा वाढत असे. घाटावरून कापूस आणि ज्वारी घेऊन खाली आलेल्या शेतकऱ्याला कलदार मिळत. तो जळगावात कापड घेई तर ठीक. पण सारा भरायला त्याला हालीच लागे. म्हणजे बट्टा एकदा इकडे, एकदा तिकडे. धुळ्याच्या विणकर मोहल्ल्यातील कारागीराची गत याहून बिकट. तो सूत घेई कलदाराने. त्याची लुगडी चाळीसगाव-कन्नड वाटेने घाटावर जात, तिथे विकली जात हालीने. मालाचा भाव ठरला त्या दिवशी आणि पैसा हाती आला त्या दिवशी बट्टा वेगळा असला, तर त्याची आठवड्याची मजुरी त्यातच गेली. राजा, सावकार, सराफ कुणाचेही त्यात नुकसान नाही. नुकसान मागावर बसलेल्याचे.

मग दोन नाण्यांचा हा जाच निजाम सरकारने का ठेवला? इंग्रजी रुपया घेऊन मोकळे का झाले नाहीत? इतर कित्येक संस्थाने झालीच होती. १८७६ साली इंग्रजांनी कायदा केला की ज्या संस्थानाला आपली टांकसाळ बंद करावयाची असेल त्याचे रुपये इंग्रज सरकार आपल्या टांकसाळीत पाडून देईल. अलवरने ते मान्य केले, पुढे बिकानेरनेही केले. एका बाजूला राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला संस्थानाचे नाव. नाणे दिसायला आपले, वजन आणि कस मात्र साहेबाचा. लहान राज्याला ते परवडले.

हैदराबाद मोठे होते आणि टांकसाळीचा नफा त्याला ठाऊक होता. हा नफा नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळी गोम तिथेच आहे. रुपयाची चांदी रुपयाहून कमी किमतीची असते. कागदाची नोट तर काही पैशांत छापून होते. जो छापतो तो त्या नोटेवर पूर्ण रुपयाचा माल उचलतो. मधला फरक राज्याच्या खजिन्यात. हैदराबादने १९१८ पासून स्वतःच्या नोटाही काढल्या. दुसऱ्याचे चलन घेणारा देश हा फरक दुसऱ्याच्या हवाली करतो. शिवाय तो पैसा त्याला फुकट मिळत नाही. माल विकून, माणसे परदेशी धाडून किंवा कर्ज काढूनच एकेक नोट आत आणावी लागते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले. २६ जानेवारी १९५० पासून भारताचा रुपया तिथे हालीबरोबर चालू लागला, दर तोच, सातास सहा. १९५१ साली हाली काढणे बंद झाले. पण जुना हाली पुरता बाद व्हायला १९५९ उजाडले. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षे एकाच गल्ल्यात दोन्ही रुपये पडत होते. चलन बदलणे म्हणजे रातोरात पाटी पालटणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही नऊ वर्षे लक्षात घ्यावीत.

आता वहीची गोष्ट. दादा हिशोब उर्दूत लिहीत. रकमेपुढे हालीसाठी ‘हे’ आणि कलदारासाठी ‘काफ’ असे एकच अक्षर टाकीत. घाटावरचे एक कापड दुकानदार आमच्याकडून उधारीवर माल नेत. पिढीजात व्यवहार, कधी कागदाची गरज पडली नाही. १९४९ च्या पावसाळ्यानंतर त्यांनी धोतरे, मांजरपाट आणि लुगडी नेली. वहीत रक्कम आहे ८४०. पुढे अक्षर नाही. ‘हे’ही नाही, ‘काफ’ही नाही. घाईत राहिले असेल, किंवा दिवा विझत आला असेल, अल्लाह जाणे.

१९५० च्या उन्हाळ्यात ते गृहस्थ पैसे घेऊन खाली उतरले आणि ७२० रुपये पुढे ठेवले. म्हणाले, रक्कम हालीची, सरकारी दराने एवढेच होतात. दादा म्हणाले, आमचे दुकान घाटाखाली, माल आम्ही गिरणीतून कलदाराने उचलला, रक्कम कलदाराची, ८४० द्या. फरक १२० रुपयांचा. त्या काळी सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होते, यावरून १२० रुपयांचे वजन ओळखावे. पूर्वी असा प्रश्न आला नसता असे नव्हे, पण खाते चालते होते. एका वेळी कमी पडले तर पुढच्या वेळी भरून निघे. राज्याने रुपया बदलला आणि प्रत्येकाने जुनी खाती बंद करायला घेतली, तेव्हा ते एक न लिहिलेले अक्षर सोन्याच्या भावाचे झाले.

पंच बसले. एक आमच्या मोहल्ल्यातील बुजुर्ग, एक मारवाडी अडते, एक घाटावरचे. त्यांनी दोन्ही वह्या पाहिल्या. त्यांच्या मोडीतल्या वहीतही आकडाच होता, शिक्का नव्हता. शेवटी रक्कम मधोमध तोडली, ७८०. दोघांनी मान्य केली आणि दोघेही नाराज होऊन उठले. त्या हंगामात आमच्या घरी कुणाला नवे कपडे झाले नाहीत. कापडाच्या दुकानदाराच्या घरी! अब्बा हे सांगताना हसत, पण दादी हसत नसे.

पुष्कळ वर्षांनी दादा अब्बांना म्हणाले होते की त्या माणसाने आपल्याला फसविले नव्हते. त्याने तो माल आपल्या गावात उधारीवर विकला होता, हालीच्या भावाने. त्याचे शेतकरी त्याला हालीच देणार होते, नाहीतर सातास सहाच्या दराने रुपये देणार होते. आम्हाला ८४० द्यायचे तर १२० त्याने स्वतःच्या घरातून आणायचे. आमच्या बाजूने आम्ही खरे, त्याच्या बाजूने तो खरा. मला वाटते दादांचे म्हणणे बरोबर होते, आणि चलन बदलण्याचा खरा घोटाळा हाच आहे. नोट बदलून मिळते, त्याला खिडकी असते, कारकून असतो. उधारीला खिडकी नसते.

खाडीत चालणारा आपला रुपया

हे झाले दुसऱ्याचा रुपया घेण्याचे. आता उलट बाजू पाहा, जिथे आपला रुपया दुसऱ्यांनी घेतला होता. आज आपली मुले दुबई, कतार, कुवेत, मस्कतला नोकरीस जातात आणि दिरहम-रियाल पाठवितात. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की १९५० च्या दशकात या सर्व ठिकाणी भारताचा रुपया चालत होता? मोती, खजूर, कापड, तांदूळ, सारा व्यापार मुंबईशी. त्यावर इंग्रजांचा अंमल. तेव्हा वेगळे चलन काढण्याचे कुणाला कारण नव्हते. दुबईच्या बाजारात आणि मुंबईच्या मंगलदास मार्केटात एकच नोट चाले.

यातून एक दुखणे निघाले. भारतात सोने आणण्यावर बंदी, त्यामुळे इथे सोने महाग आणि खाडीत स्वस्त. चोरट्या व्यापाऱ्यांनी रुपयाच्या नोटा तिकडे न्याव्यात, सोने घ्यावे, सोने मुंबईस उतरवावे. तिकडे जमलेल्या नोटा बँकांमार्फत परत येत आणि त्यांच्या बदल्यात भारताला पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९ साली कायदा करून रिझर्व्ह बँकेने खाडीसाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या, ज्या भारतात चालत नसत. त्याच सुमारास हजला जाणाऱ्यांसाठीही वेगळ्या ‘हज नोटा’ काढल्या होत्या, दहाच्या आणि शंभराच्या. जुन्या नोटा जमविणाऱ्यांकडे त्या आज पाहावयास मिळतात.

कुवेतने १९६१ साली आपला दिनार काढला, सव्वातेराला वर थोडे, म्हणजे १३ रुपये आणि एका रुपयाचा तिसरा हिस्सा, बरोबर एक दिनार. बहरीनने १९६५ साली काढला, दहा रुपयांस एक. ही दोन शहाणी निघाली म्हणायची. बाकीची रुपयावरच होती. आणि ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाची किंमत घटविली. डॉलर ४ रुपये ७६ पैशांना मिळत होता तो साडेसात रुपयांना झाला.

आपल्या अडचणी आपल्याला माहीत होत्या. पाकिस्तानशी युद्ध होऊन गेले होते, दुष्काळ होता, परदेशी मदत आटली होती. परंतु दुबईच्या किंवा मस्कतच्या दुकानदाराचा यात काय गुन्हा? त्याच्या तिजोरीत हजार रुपये होते. आदल्या दिवशी त्यांचे २१० डॉलर होत, दुसऱ्या दिवशी १३३. त्याला कुणी विचारले नाही. ज्याचे चलन त्याचा निर्णय, आणि तो निर्णय दिल्लीत झाला.

त्यानंतर धावपळ झाली ती पाहण्यासारखी आहे. कतार आणि दुबईने तात्पुरता सौदी रियाल चालविला आणि काही महिन्यांत दोघांचा मिळून नवा रियाल काढला, ज्याची किंमत घट होण्यापूर्वीच्या रुपयाइतकी ठेवली. अबूधाबीने शेजारच्या बहरीनचा दिनार घेतला, म्हणजे एकाचे चलन सोडून दुसऱ्याचे. १९७३ साली संयुक्त अमिरातीचा दिरहम आला तेव्हा हे सारे मिटले. मस्कतमध्ये मात्र रुपया १९७० पर्यंत रेंगाळला. तिथे नवा रियाल निघाला तो २१ रुपयांस एक. ज्याने कुवेतमध्ये १९६१ साली रुपये बदलले त्याला एका पौंडाची किंमत १३ रुपये आणि तिसरा हिस्सा पडली. ज्याने मस्कतमध्ये १९७० पर्यंत सांभाळून ठेवले त्याला २१ पडली. रुपया तोच, फक्त वाट पाहण्याची ही किंमत.

आज दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १९९७ पासून ३.६७२५ दिरहमला एक डॉलर. आपल्या मुलाचा पगार रुपयांत वाढलेला दिसतो तेव्हा पुष्कळदा मालकाने पगार वाढविलेला नसतो, डॉलरपुढे रुपया घसरलेला असतो. घरी बसून खर्च वाढविण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

आता पुन्हा त्या लांबच्या देशांकडे वळू. इक्वेडोरचे चलन सुक्रे. १९९९ च्या सुरुवातीस डॉलरला सात हजारांच्या आसपास सुक्रे पडत. बँका बुडाल्या, मार्चमध्ये सरकारने लोकांच्या ठेवी गोठविल्या. जानेवारी २००० मध्ये अध्यक्ष जमील माहुआद यांनी डॉलर घेण्याची घोषणा केली, दर २५ हजार सुक्रेंस एक डॉलर. ज्याच्याजवळ एक लाख सुक्रे होते त्याचे चार डॉलर झाले. वर्षापूर्वी तेच चौदा झाले असते. माहुआद यांची खुर्ची त्याच महिन्यात गेली. डॉलर मात्र राहिला, आणि हेही कबूल केले पाहिजे की काही वर्षांत तिथली भाववाढ अगदी खाली आली. दुकानदाराला उद्याचा भाव आज सांगता येऊ लागला. रोज सकाळी भाव बदलावे लागतात त्या बाजारात ज्याने दुकान चालविले असेल त्याला या गोष्टीची किंमत सांगायला नको.

पण २०१५ च्या सुमारास दुसरी बाजू दिसली. खनिज तेल उतरले, डॉलर चढला. शेजारच्या कोलंबियाचा पेसो घसरला आणि तिथला माल स्वस्त झाला. इक्वेडोरचे लोक हद्द ओलांडून इपियालेस गावी खरेदीस जाऊ लागले, कपडे, टीव्ही, किराणा सगळे. आपले चलन असते तर सरकारने थोडे उतरू दिले असते. इथे उतरवायला काही हातातच नव्हते, शेवटी बाहेरच्या मालावर जादा जकात बसविली. हद्दीवर दुसरा रुपया, दुसरा भाव आणि मध्ये जकात नाका. फर्दापूर आठवले की नाही?

झिंबाब्वेत आणखी एक अडचण आली, जी मोठे अर्थशास्त्री शेवटी लिहितात आणि दुकानदाराला पहिल्या दिवशी कळते, ती म्हणजे सुटे पैसे. त्यांच्या चलनाची नोट शंभर लाख कोटींपर्यंत पोहोचली होती. २००९ साली ते सोडून डॉलर चालविला. अमेरिकेहून नोटा येत, पण चिल्लर कोण वाहून आणणार? दुकानदार सुट्या पैशांऐवजी गोळ्या, पेन, काड्यापेट्या देऊ लागले. आपल्याकडेही सुट्यांच्या टंचाईत गल्ल्याशेजारी गोळ्यांची बरणी असायचीच. पण गरीब माणसाची खरेदी सगळी चिल्लरीचीच असते. भाव डॉलरच्या खाली उतरत नाही आणि अर्ध्या डॉलरचा माल त्याला डॉलरला पडतो. २०१४ च्या अखेरीस सरकारने स्वतः नाणी पाडली तेव्हा कुठे थोडे निभावले. पनामाने १९०४ सालीच हे ओळखले होते. नोटा डॉलरच्या घेतल्या, चिल्लर मात्र आपली बाल्बोआची ठेवली.

आपल्या शेजारी भूतानचे चलन १९७४ पासून रुपयाशी एकास एक बांधलेले आहे, तिथे आपला रुपयाही चालतो. नेपाळात १९९३ पासून आपला शंभर म्हणजे त्यांचे १६०. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा रांगा आपण लावल्या, पण आपल्याला निदान बँक होती. नेपाळातल्या ज्या मजुराने भारतात राबून पाचशेच्या चार नोटा उशाखाली ठेवल्या होत्या त्याने कुणाच्या दारात रांग लावायची?

दादांची वही मी अधूनमधून काढतो. १९५१ नंतर ‘हे’ विरळ होत जाते, पाना-दोन पानांत एखादे. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा आण्यांची बेरीज करता करता पान खोडाखोडीने भरले आहे. ‘हे’ शेवटचे दिसते ते १९५८ मध्ये, घाटावरून आलेल्या एका बाईच्या नावापुढे, हाली ७ जमा, आणि शेजारी दादांच्या अक्षरात सहा रुपये. बट्टा कापलेला नाही. दादीच्या पेटीत चारमिनारचे पाच रुपये मात्र राहूनच गेले. १९५९ नंतर ते सराफाकडे नेले, त्याने वजन करून चांदीचा भाव सांगितला. चार दिले. एक अब्बांनी ठेवून घेतला, तो वहीतच आहे.